एक बोट पाणी

राधाकिशन सरांनी एकतीस वर्षं इतिहास शिकवला, पण धारूरमध्ये त्यांचं नाव झालं ते कॉपी पकडण्यामुळे. दहावीच्या परीक्षेला सर वर्गात शिरले की पोरं आपणहून मोजे काढून बाकाखाली ठेवायची. कुणाच्या मनगटावर सनावळी, कुणाच्या पट्टीमागे प्रमेय, एकाच्या तर डब्यातल्या भाकरीच्या पापुद्र्यात अख्खं नागरिकशास्त्र. सर नुसत्या वासावर काढायचे. "एकतीस वर्षांत एक पोरगं चुकीचं उठवलं नाही मी," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत. ऐकायला दुसरं कुणी नसलं तर बायकोला, म्हणजे ताराबाईंना म्हणत. निवृत्तीला माणसाची शाळा सुटते, पण सवय काही सुटत नाही. पकडायला पोरं उरली नाहीत तेव्हा सरांची नजर आधी दूधवाल्यावर, मग पेपरवाल्यावर आणि सरतेशेवटी शेजाऱ्यावर गेली.

शेजारी म्हणजे बबनराव, एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. त्यांनीही हयातभर विनातिकीट माणसं पकडलेली. रोज संध्याकाळी पाच वाजता दोघं सरांच्या ओट्यावर बसत, चहा घेत, एकच पेपर मधून फाडून दोघांत वाटून घेत आणि जगातल्या झाडून सगळ्या माणसांवर मिळून संशय घेत. दोन संशयी माणसांची मैत्री फार घट्ट असते. अडचण एवढीच, की कधी ना कधी बाहेरची माणसं संपतात.

त्याला निमित्त झालं पाणी. कॉलनीची स्वतःची बोअर होती आणि पाणी समितीने पाळी लावून दिली होती, घरटी आठव्या दिवशी. सरांच्या गच्चीवर दोन काळ्या टाक्या होत्या. एक रोजची आणि एक राखीव. राखीव टाकीला आठव्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. निवृत्त झाल्यापासून सर रोज सकाळी गच्चीवर जाऊन तिच्यात काठी बुडवत आणि ओली काठी बोटांनी मोजत. एका बोटाला बरोबर एक बादली, हेही त्यांनी ओतून पाहिलं होतं. चैत्र लागला आणि एका सकाळी पाणी एक बोट कमी भरलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक बोट. तिसऱ्या दिवशी आणखी एक.

"उन्हानं आटलं असंल," ताराबाई डाळ निवडता निवडता म्हणाल्या.

"झाकण लावलेल्या टाकीतून?"

"ऊन लई हाय औंदा," असं म्हणून ताराबाईंनी मान खाली घातली आणि त्या एकाच खड्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

सर बाहेर आले. कॉलनीतली जास्वंद, कढीपत्ता, तुळशी सगळं करपून गेलं होतं. हिरवं होतं फक्त एकच झाड, बबनरावांचं लिंबू. ते अगदी कुंपणभिंतीला लागून, निम्म्या फांद्या सरांच्या अंगणात. एवढ्या उन्हात हे असं तुकतुकीत राहतंय, म्हणजे पितंय कुठून? सरांनी झाडाकडे पाहिलं, मग लागून असलेल्या दोन गच्च्यांकडे पाहिलं, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये व्हायची तशी त्यांच्या मानेवर शिरशिरी आली.

पण पुरावा पाहिजे. कॉपी हातात असल्याशिवाय सरांनी कधी पोरगं उठवलं नव्हतं. मोबाइलवर त्यांना एक चित्रफीत सापडली, पाण्याची पातळी घसरली की भोंगा वाजवणारं सर्किट. त्यातली युक्ती साधी होती. टाकीत दोन धातूच्या पट्ट्या सोडायच्या. त्या पाण्यात आहेत तोवर पाण्यातून बारीकसा करंट वाहतो आणि भोंगा गप्प राहतो. पाणी पट्ट्यांच्या खाली गेलं की तो करंट तुटतो आणि भोंगा ओरडतो. सर परळीला जाऊन सामान घेऊन आले. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, एक भोंगा, नऊ व्होल्टची बॅटरी आणि वायरी खोचायला भोकाभोकांचा पांढरा बोर्ड. पट्ट्यांच्या जागी त्यांनी स्वयंपाकघरातले दोन स्टीलचे चमचे घेतले. चमचे कुठं गेले म्हणून ताराबाई दोन दिवस भांडेवालीशी नीट बोलल्या नाहीत. संशय हा असा संसर्गजन्य असतो.

आता गंमत अशी, की या विषयातलं जाणतं माणूस भिंतीपलीकडेच होतं. बबनरावांची ऋतुजा अंबाजोगाईला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची आणि सुट्टीला घरी आलेली होती. पण आरोपीच्या लेकीकडून पेपर तपासून घ्यायचा का? तिनेच एकदा भिंतीवरून डोकावून विचारलं, "काका, काय जोडायलाव?"

"इतिहास," सर म्हणाले आणि त्यांनी बोर्डावर टॉवेल टाकला.

ऋतुजा हसली. "बरं. पण एका वेळी एकच बदल करा बरं का काका, अन् केलेलं लिहून ठेवा. आधी बॅटरीपासून करंट कुठवर पोचला ते बघायचं, मग पुढचं."

न विचारता सल्ला येतोय म्हणजे पलीकडे काहीतरी शिजतंय, असं सरांना वाटलं. तरी लिहून ठेवायचं त्यांना पटलं, कारण वहीशिवाय त्यांचं पान हलत नसे. बाकीचं त्यांनी सोडून दिलं.

सर्किट सहा दिवस मुकं राहिलं. सरांनी बॅटरी जिभेला लावून पाहिली. जीभ चांगली चरचरली, म्हणजे बॅटरी निर्दोष. मग ट्रान्झिस्टर घेऊन ते पुन्हा परळीला गेले. दुकानदाराने त्यांच्यासमोर मीटर लावून ते चांगले असल्याचं दाखवलं.

"तुमचा मीटर तुमच्याच बाजूनं बोलणार," सर म्हणाले.

तिसऱ्या खेपेला दुकानदार सरांना लांबून बघूनच जेवायला गेला. सकाळचे दहा वाजले होते.

दोष दुकानदाराचा नव्हता. त्या बोर्डावर कडेने जी लांब लाल रेघ असते, ती वरून अखंड दिसली तरी आतून मध्यावर तुटलेली होती. तसले बोर्ड असतात. सरांनी बॅटरी जोडली डाव्या अर्ध्यात, सर्किट मांडलं उजव्या अर्ध्यात, आणि मधल्या खिंडीतून करंट काही उडी मारून जाणार नव्हता. चित्रात पाहून हुबेहूब उतरवून काढायचं, पण आत काय जोडलंय ते समजून घ्यायचं नाही, याला सर स्वतः एकतीस वर्षं काय म्हणत आले होते ते इथं सांगायला नको.

सातव्या दिवशी बंकट आला. बंकट जळालेल्या मोटारींचं रिवायंडिंग करायचा. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी त्याने जाळल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या दुरुस्त केल्या होत्या, असं लोक म्हणत. त्याने बोर्डाकडे बघून मान हलवली.

"सर, अर्थिंग कुठाय?"

"अरे, नऊ व्होल्ट आहेत हे."

"लहान लेकराला ताप येत न्हाई का? शेतातली मोटर धरा, पिठाची गिरणी धरा, अर्थिंग नसलं की मशीन पिसाळतंय. खड्डा घ्या, लोखंडी सळी ठोका, कोळसा-मीठ टाका अन् रोज सकाळी दोन बादल्या पाणी घाला. मग बगा कसं बोलत न्हाई ते."

सरांना हे एकदम पटलं. त्यांच्या वडिलांनीही मळ्यातल्या मोटारीच्या अर्थिंगला जन्मभर पाणी घातलं होतं. लिंबाजवळच्या कुंपणभिंतीच्या बुडाशी खड्डा झाला, सळी ठोकली, मीठ-कोळसा पडला, सळीपासून लाल वायर खिडकीतून आत आली. ती खोचायला जागा पाहिजे म्हणून सरांनी बॅटरीची वायर काढून बोर्डाच्या उजव्या टोकाला लावली. आणि भोंगा असा किंचाळला, की बंकटच्या हातातली बशी खाली पडली. चमचे अजून कोरडेच होते ना.

एका दिवसात दोन बदल झाले होते. ज्या बदलाने काम झालं तो सरांच्या ध्यानातही राहिला नाही. ज्याने काहीच झालं नव्हतं, त्याला ते रोज सकाळी मीठ-पाणी घालू लागले. पाणी मागच्या अंगणातल्या नळाचं घेत. तो नळ रोजच्या टाकीचा, म्हणजे राखीवला धक्का नाही, एवढी खबरदारी सरांनी घेतली होती. वहीत नोंद होई, 'सकाळी सहा. अर्थिंग, दोन बादल्या.'

चमचे पातळीच्या खाली दोन बोटं टांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा वाजला. सर धावत गच्चीवर गेले आणि काठी बुडवली. तीन बोटं कमी! चोर निर्ढावला होता. काल एक नेत होता, आज तीन.

"अन् आवाज कसा हाय भोंग्याचा?" बंकटने विचारलं.

"जरा घोगरा."

"तहानलंय अर्थिंग. संध्याकाळीबी घाला दोन बादल्या."

सरांनी संध्याकाळीही घातल्या. आता रोज पाच बोटं जाऊ लागली आणि भोंगा सकाळी अकरालाच बोंबलू लागला. जसजसा भोंगा वाजे तसतसे सर अर्थिंगला जपत, आणि जसजसे अर्थिंगला जपत तसतसा भोंगा लवकर वाजे. इतकं इमानदार यंत्र आणि इतका बेरड चोर सरांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

"मी काय म्हणते, ऐकताव का जरा," ताराबाई एकदा म्हणाल्या.

"आरोपीची बाजू घ्यायची नाही," सर म्हणाले. ताराबाईंचाही चेहरा आता विचारात पडल्यासारखा दिसू लागला होता.

पाणी समितीचे सचिव शहादेव हे तहसीलमधून निवृत्त झालेले गृहस्थ. तिथून त्यांनी शिक्के आणले नव्हते, पण स्वभाव आणला होता. त्यांनी सरांचा अर्ज वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, आणि परत दिला.

"तीन प्रती लागतील. अन् डाव्या-उजव्या शेजाऱ्याची सही."

"उजवीकडचा प्लॉट मोकळा आहे. डावीकडे बबनराव. तेच तर आरोपी!"

"आरोपीचा रकाना न्हाई आपल्या नमुन्यात. शेजाऱ्याचा हाय. शेजारी म्हणून घ्या सही." शहादेवांनी चष्मा पुसला. "अन् नियम ठाऊक हाय ना सर? चोरी साबित झाली तर त्यांची पाळी बंद, पावसाळा लागस्तोर. न्हाई झाली तर तुमची."

मृग लागायला सात आठवडे होते. सर क्षणभर घुटमळले. पण एकतीस वर्षांत त्यांचा नेम चुकला नव्हता.

संध्याकाळी पाच वाजता बबनराव नेहमीसारखे ओट्यावर आले. सरांनी चहाआधी अर्ज पुढे केला. बबनरावांनी तो तिकीट तपासावं तसा उजेडात धरून वाचला. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून स्वतःच्या अर्जाच्या तीन प्रती काढल्या.

"मलाबी तुमची सही पायजे."

सर वाचू लागले. 'माझे शेजारी रोज सूर्योदयाला व सूर्यास्ताला आमच्या भिंतीपाशी लोखंडी खिळा, कोळसा, मीठ व लाल दोरा यांचा विधी करतात. तोंडाने आकडे पुटपुटतात. आमचे लिंबू झडू लागले आहे. तरी चौकशी व्हावी.'

"करणी? मी?" सरांचा आवाज फाटला. "विज्ञान आहे ते!"

"अन् मी पाणीचोर?" बबनराव म्हणाले. "अठरा वर्षं तुमच्या वट्ट्यावर चहा प्यायलो, सर. अठरा वर्षं."

सरांनी सही केली, बबनरावांनी सही केली. शेजारी म्हणून दोघांनीही हद्दीसकट पूर्ण नाव लिहिलं. मग बबनराव उठून गेले. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली.

सुनावणी रविवारची होती, मध्ये तीन संध्याकाळी गेल्या. सर पाच वाजता ओट्यावर बसून पेपर मधून फाडत, आपला अर्धा वाचत, आणि दुसरा अर्धा घडी घालून शेजारी ठेवत. खरं सांगायचं तर त्यांना फार चुकल्यासारखं होत होतं. ज्याच्याविषयी मनातलं बोलावं तो माणूस आणि ज्याच्याजवळ बोलावं तो माणूस एकच होता.

रविवारी सकाळी दहाला सगळी कॉलनी सरांच्या अंगणात जमली. शहादेव खुर्चीत, बंकट तज्ज्ञ म्हणून उभा, बबनराव भिंतीपाशी. भोंगा तेवढ्यात वाजला. सरांनी साक्षीदार ओळखावा तसं त्याच्याकडे बोट दाखवलं.

"काका, मी बगू का?" ऋतुजा पुढे आली. "दोन्ही अर्जांसाठी बगते."

शहादेवांनी मान डोलावली. ती बोर्डासमोर मांडी घालून बसली. तिने आधी बॅटरी मोजली. मग लाल रेघेवर डाव्या टोकाला मीटर टेकवला, मग उजव्या, आणि "मधी तुटलीय ही," एवढंच म्हणाली. मग तिने अर्थिंगची लाल वायर उपटून बाजूला ठेवली. बंकटने डोळे मिटून घेतले. भोंगा वाजतच होता. ती गच्चीवर गेली आणि चमचे पाण्यात बुडवले. भोंगा गप्प. बाहेर काढले, भोंगा चालू.

"सर्किट चांगलं हाय, काका. लई स्वच्छ जोडलंय. अर्थिंगचा काही संबंध न्हाई याच्याशी. म्हंजी पाणी खरंच कमी होतंय."

सरांची छाती पुढे आली. बबनरावांनी लेकीकडे असं पाहिलं, की तिने नजर चुकवली.

"आता पाण्याची जोडणीबी बगू. अर्थिंगला पाणी कुठल्या नळाचं घालताव?"

"मागच्या. रोजच्या टाकीचा आहे तो."

"कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी नळवाल्याने पाइप जोडले तेव्हा सर परीक्षेच्या ड्युटीवर होते.

ऋतुजाने बंकटला गच्चीवर पाठवून रोजच्या टाकीचा कॉक बंद करायला लावला आणि मागचा नळ सोडला. पाणी धो धो आलं. सगळ्यांनी वाट पाहिली. पाणी येतच राहिलं. मग तिने वर हाक मारून तो कॉक पुन्हा उघडायला लावला आणि राखीव टाकीचा बंद करायला सांगितला. नळाने दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि पाणी थांबलं.

"वही देताव का, काका?"

सरांनी वही दिली. दुसरं काही करता आलं नाही त्यांना. ऋतुजाने मोठ्याने वाचलं नाही, ती पानं शहादेवांसमोर धरली. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन बादल्या, एका बोटाला एक बादली, सरांचं वळणदार अक्षर, खाली तारीख आणि सही. असली कॉपी सरांनी आजवर कुणाचीही पकडली नव्हती.

"अन् लिंबाला," ऋतुजा वडिलांकडे वळून हळूच म्हणाली, "रोज मिठाचं पाणी जायलंय. म्हणून झडतंय ते, आबा. करणी न्हाई."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं अंगण हसलं. बंकट गच्चीवरून खाली यायला तयार होईना. सरांचे कान तापले. भूमीत गडप व्हावं तर तिथंही त्यांनीच मीठ आणि कोळसा भरून ठेवला होता. ते उठले, बबनरावांसमोर जाऊन उभे राहिले, आणि परीक्षेच्या हॉलमध्येही कधी झाला नव्हता इतका त्यांचा आवाज बारीक झाला.

"बबनराव, एकतीस वर्षांत एक पोरगं चुकीचं उठवलं नव्हतं. आज उठवलं."

बबनराव जमिनीकडे बघत म्हणाले, "मीबी आज तिकीट काढलेल्या माणसाला दंड मारला, सर."

शहादेव घसा खाकरून म्हणाले, की नियमाप्रमाणे दोन्ही अर्ज खोटे निघाले असून दोघांचीही पाळी पावसाळा लागस्तोर बंद होते. अर्ज निकालाआधी मागे घेतले तर गोष्ट वेगळी. त्याला तीन प्रती लागतील. अन् शेजाऱ्याची सही.

दोघांनी तिथेच एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून सह्या केल्या.

खारट माती बंकटने उकरून काढली, फुकट. लिंबाच्या मुळातलं मीठ धुवायला सरांनी महिनाभर रोज दोन बादल्या गोडं पाणी स्वतः घातलं. भोंगा बंद करून चमचे स्वयंपाकघरात परत गेले. भांडेवालीला ताराबाईंनी एक साडी दिली आणि कारण सांगितलं नाही.

पण मग उरलेलं एक बोट पाणी जातं कुठे? चार बोटांचा उलगडा झाला होता, पण सर रोज पाच बोटं मोजत होते. त्या दिवशी ऋतुजाचीही बेरीज पाचव्या बोटापाशी येऊन अडली होती. तिने वर पाहिलं, ताराबाईंनी पदर सावरला, आणि ऋतुजाने वही मिटली होती. सर तेव्हा लाजेत होते म्हणून त्यांनी ते तेवढ्यावर सोडलं.

महिना संपला. झाडाला तांबूस कोवळी पालवी आली. सरांनी पाणी घालायचं थांबवलं आणि दुसऱ्या सकाळी सवयीने काठी बुडवली. एक बोट कमी. मानेवर पुन्हा ती शिरशिरी आली. ते गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. खाली मागच्या नळाशी ताराबाई होत्या. त्यांनी बादली भरली, इकडेतिकडे पाहिलं, आणि भिंतीच्या बुडाला सांडपाण्यासाठी ठेवलेल्या भोकातून ती पलीकडे लिंबाच्या मुळाशी सावकाश ओतली. मग टाचा उंचावून आपल्या बाजूच्या फांदीवरची तीन लिंबं तोडून पदरात घेतली. दरसाल घरात जे लिंबाचं लोणचं असे, ज्याची एक बरणी बबनरावांकडेही जाई, ते कशावर वाढत होतं हे सरांना अठरा वर्षांनी कळलं. चोरीचा नळ राखीव टाकीचा आहे हे त्या बिचारीलाही ठाऊक नव्हतं. उलट पाच बोटांचा बोभाटा झाला तेव्हा तिलाही दोन दिवस वाटलं होतं, की बबनराव खरंच नेतायत की काय.

सरांच्या ओठांवर "अगं" आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि खाली येऊन वही उघडली.

पाच वाजता बबनराव आले. पेपर फाटला, चहा आला. "आज किती भरलं, सर?" त्यांनी विचारलं.

"एक बोट कमी. ऊन लई हाय औंदा," सर म्हणाले.

बबनरावांनी कंडक्टरच्या नजरेने आपल्या लिंबाचं बूड पाहिलं. तिथली माती अजून ओली होती. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि पेपराचं पान उलटलं.

"लई हाय," ते म्हणाले.